उतरून चढलेली सर्दी

आमच्या घरात शिंकेला कोणी विचारत नसे. इतरांच्या घरी कोणी शिंकलं की बाहेर निघालेला माणूस पाय मागे घेतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. आम्ही तो शकुन पाळला असता तर जन्मात उंबरठा ओलांडला नसता. अमरावतीत आमचं मिरची कांडपाचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीलाच राहायच्या दोन खोल्या. मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा. पुढे विजेवर चालणारी दोन लोखंडी मुसळं दिवसभर खाली-वर होत, आणि मागे आम्ही तिघी त्या धपधपाटात जेवायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. वीज गेली की आवाज थांबायचा आणि आम्ही मात्र तशाच ओरडून बोलत राहायचो. शेजारच्या किराणा दुकानातले काका म्हणायचे, "काय वं पोरीहो, लाइन गेली, आता तरी हळू बोला." पडदा कितीही ओला करून टांगला तरी तिखट आत यायचंच. भातात, अंथरुणात, वह्यांच्या पानांत. पाहुणा आला की पहिली दहा मिनिटं शिंकण्यात जायची, मग डोळे पुसत तो चहा प्यायचा.

तिघी म्हणजे माय, मी आणि मंदा. बाबा गेले तेव्हा मंदा रांगत होती. त्यांनी घेतलेलं यंत्र मायनं चालवायला घेतलं, ते हात थकेपर्यंत चालवलं. या गोष्टीच्या वेळी मी सतरा वर्षांची, मंदा तेरा. मी फटकळ आणि ती मुकी, असं सगळे म्हणायचे. मुकी वगैरे काही नव्हती, हळू बोलायची इतकंच, आणि आमच्या घरात हळू बोललेलं ऐकू यायचं नाही.

मायचे हात कोपरापर्यंत लाल असत. संध्याकाळी ती बेसन आणि जवसाचं तेल लावून ते चोळचोळ चोळायची, तरी आग राहायचीच. त्यामुळे तिनं आमच्या तोंडावरून कधी हात फिरवला नाही. फार लाड आले की कोपरानं ढोसायची. कोणाला ताप आहे का हेसुद्धा तिला हात लावून कळत नसे, कारण त्या पेटलेल्या तळव्यांना सगळं जग गारच लागायचं. मग ती मला म्हणायची, "उषे, पाह्य बरं तिले, आंग गरम हाय का." मंदाचं कपाळ पाहायचं काम लहानपणापासून माझं. मी सांगेन तो ताप.

आणि सर्दीचं शास्त्र आमच्याकडे असं होतं की ती मिरचीची असते. मिरचीची नसली तर धुळीची. सुंठ-गूळ, ओव्याची पोटळी तव्यावर तापवून कपाळाला शेक, काळ्या मिऱ्यांचा काढा आणि वर झणझणीत ठेचा, इतक्यावर भागायचं. नाकातून पाणी येतं तोवर सर्दी कच्ची. घट्ट पिवळं यायला लागलं की माय खूश व्हायची. "पिकली," म्हणायची, "आता सुटते." पिकलेली सर्दी सुटणार याबद्दल तिला जराही शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा सुटायचीही. म्हणून तर ते शास्त्र टिकलं.

आता माझी नातवंडं मला हसतात. कोणी नाक ओढलं की मी हातातलं काम टाकून विचारते, "कितवा दिवस?" सून म्हणते, आई, जरा एसीत बसले होते, बाकी काही नाही. असेल. पण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब मारून ठेवते. चार टिंबांपर्यंत मी गप्प असते. दहा टिंबं झाली की घरात माझ्याइतकं कटकटं माणूस नाही. मुलगा परवा म्हणाला की फोनवर सगळं वाचायला मिळतं, कोणती सर्दी साधी आणि कोणती सायनसची. मिळत असेल. मला ते कुठून मिळालं ते मी लिहून ठेवते आहे, म्हणजे माझ्या टिंबांना कोणी हसणार नाही.

वार्षिक परीक्षेचे दिवस होते. हाच आमच्या धंद्याचा हंगाम. वर्षाचं तिखट, काळा मसाला, लग्नघरांची मोठी कामं, सगळं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं. दुकानात पोत्यांवर पोती. शेवटच्या पेपरहून मंदा नाक पुसत आली. त्यात काय सांगण्यासारखं! दोन-तीन दिवस तिचं नाक गळत होतं, घसा बसला होता, अंग थोडं कोमट होतं. मी मायला म्हटलं, काही नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ती बरी झाली. चांगली बरी झाली, भाकरीबरोबर ठेचा मागून खाल्ला आणि चिंचेच्या झाडाखाली मैत्रिणींबरोबर बिट्ट्या खेळून आली. पुढे कोणी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की मंदाची सर्दी आटोपली.

मग एक दिवस जाऊन पुन्हा सुरू झालं. या वेळी पाणी नाही, घट्ट पिवळं, आणि तेही डाव्या नाकपुडीतून जास्त. अंग पहिल्यापेक्षा जास्त गरम. मायनं पडद्याआडून विचारलं, "कशी हाय?"

"पिवळं येऊन राह्यलं," मी ओरडून सांगितलं.

"पिकली बापा एकदाची," माय तिकडून ओरडली. "जाईन आता."

मधल्या बरं होण्याची कोणाला आठवणही नव्हती. एकच सर्दी, कच्ची होती ती पिकली, असा आम्ही हिशोब मांडला. मग मंदाची वरची दाढ दुखू लागली. डाव्या बाजूची. मायनं लवंग ठेचून दाढेत भरली आणि म्हणाली, चिंचा खाऊन खाऊन दात आंबले पोरीचे. मंदानं गालावर हात ठेवला तो काढेचना. जेवण कमी झालं. तोंडाला वास यायला लागला तेव्हा मी तिला म्हटलं, दात घासत जा नीट. असं सगळं आमच्या डोळ्यांसमोर एकेक करून येत होतं आणि प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे वेगळं नाव होतं. नाक मिरचीचं, दाढ चिंचेची, ताप उन्हाचा.

शेवटी मायलाच वाटलं की तिखटातून हिला बाहेर काढावं. अकोल्याला आत्या होती, बाबांची मोठी बहीण. तिचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, स्वच्छ, शेणानं सारवलेलं अंगण, आणि तिथे कसलाही धपधपाट नाही. आत्याचे यजमान दिवसभर डाळमिलमध्ये असत. "चार रोज चांगल्या हवेत राह्यली का नाक मोकळं होईन," माय म्हणाली. "उषे, तू जाय तिच्यासंग. मले हे पोते टाकून येता येत नाई." मला राग आला होता. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न त्याच आठवड्यात होतं आणि मी हळदीला जाणार होते. तो राग मी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मंदाशी न बोलता काढला. एसटीच्या खिडकीच्या गजावर तिनं डोकं टेकलं होतं, आणि गाडी खड्ड्यातून गेली की तिच्या तोंडून बारीक आवाज यायचा. मी दुसरीकडे पाहत होते.

आत्यानं पहिल्या दिवशी पन्हं दिलं, कढी-भात दिला. मंदानं दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. पापणी लालजांभळी, ताणलेली. आत्या म्हणाली, "डोळे आले वं माय! गावभर साथ हाय." तिनं गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या आणि मला बजावलं की मंदाच्या डोळ्यात पाहायचं नाही, नाहीतर तुझेही येतील. मी पाहिलं नाही. दुसरा डोळा स्वच्छ पांढरा होता हे मला दिसलं होतं, पण साथीत कधी एक आधी येतो, एक मागून. आत्याही तेच म्हणाली. ताप होता, तो डोळ्यांचाच धरला. मी दिवसभर तिच्या कपाळावर घड्या बदलत होते आणि मनात हळदीची गाणी म्हणत होते. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच होतं.

त्यानंतरच्या सकाळी आत्या वर्षाच्या तिखटाची मिरची निवडायला बसली होती. मंदाला जरा बरं वाटावं म्हणून तिनं ताटात चार मुठी मिरच्या घालून तिच्यापुढे ठेवल्या. देठ खुडणं आमच्या घरच्या मुलींना झोपेतही जमायचं. मंदा खुडत बसली. एक मिरची फुटली, बी उडून तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्यात गेलं. असं झालं की चोळायचं नाही, डोळा मिटून पाणी वाहू द्यायचं, हे आम्हाला बोलायच्या आधी शिकवलेलं. तिनं उजवा डोळा घट्ट मिटला आणि सुजलेल्या डाव्या पापणीच्या फटीतून ताटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, ही मागच्या सालची मिरची हाय का?"

"काहून वं?"

"लाल नाई. मातीवानी दिसते."

आत्याला लागलं ते. "काल बजारातून आणली निवडून! आली मोठी अमरावतीची पारखी."

मी ताटाकडे पाहिलं. भिवापुरी होती, नवी, चकचकीत, लालबुंद. तिला माती म्हणणारी आमच्या घरात कोणी नव्हती. मंदा चार वर्षांची असताना ढिगातून जुनी मिरची वेगळी काढून द्यायची आणि गिऱ्हाइकं कौतुकानं पाहायची. मी उठून तिच्यापुढे बसले. एक मिरची हातात धरली. "कशी हाय?"

"मातीवानी."

तिच्या उजव्या डोळ्यावर पाणी मारलं, तो उघडायला लावला, डाव्यावर माझा हात ठेवला. "आता?"

"आता लाल हाय."

पुन्हा उलट केलं. पुन्हा माती. आत्याच्या लुगड्याचा लाल काठ दाखवला, तोही माती. मग मी तिला म्हटलं की मान न हलवता माझ्या बोटाकडे पाहा, आणि बोट बाजूला नेलं. आत्यानं घातलेली बंदी मोडून मी पहिल्यांदा त्या फटीत नीट पाहिलं. उजवं बुबुळ बोटामागे गेलं. डावं जागचं हललं नाही, आणि तो डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता. मंदा ओरडली, "ताई, दुखते."

"आत्या, दवाखान्यात नेतो मी इले."

"अवं, डोळे आल्यावर असंच दिसते. दोन रोजानं..."

"आत्या, आमच्या घरी मिरचीचा रंग कोणी चुकत नाई." मी रडायला लागले होते. "इचा डोळा चालला, आत्या. डोळा चालला इचा."

आत्यानं चपला घातल्या नाहीत, तशीच रस्त्यावर जाऊन सायकलरिक्षा थांबवली. सरकारी दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मी पुढे कित्येक वेळा गेले, फार तर पंधरा मिनिटांचा आहे. त्या दिवशी तो संपेना. आत्या रिक्षावाल्याला "भैय्या, जरा जल्दी, जरा जल्दी" करत होती आणि तो बिचारा चढावर उभा राहून पायडल मारत होता. मंदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, चटका बसावा इतकं तापलेलं. मी ज्या देवांना कधी हात जोडले नव्हते त्यांनाही जोडले. आधी म्हटलं, डोळा वाचव. थोडं पुढे गेल्यावर तिला वांती झाली आणि तिनं मान टाकली, तेव्हा म्हटलं, डोळा घे, पण पोर ठेव. असं म्हणायला नको होतं, असं मला पुढे फार वर्षं वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. बोलणं पुण्याकडचं, पण तुटक नाही. त्यांनी मंदाची पापणी उचलून बॅटरीनं पाहिलं, गालाचं हाड, भुवईखाली, नाकाच्या मुळाशी अंगठ्यानं दाबलं. डाव्या बाजूला दाबताच मंदा किंचाळली. बाईंनी नर्सला काहीतरी भराभर सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. "सर्दी किती दिवसांपासून आहे?"

"झाले असतीन सात-आठ."

"असतील नको. नक्की सांग."

मला येईना. कोणाच्या घरात शिंकांचे दिवस मोजतात? मी आत्याकडे पाहिलं, तिला काय माहीत असणार. मग मला मायचं दुकान आठवलं. आमचे वार मिरचीनं लक्षात राहायचे. मी डोळे मिटून मोठ्यानं सुरू केलं, "शेवटचा पेपर झाला त्या दिवशी पोस्टमास्तरणीची भिवापुरी होती, तो सोमवार. मंगळवारी वकिलांची ब्याडगी. मग लग्नघराचा मसाला, तो दोन दिवस चालला. शुक्रवारी शाळेतल्या बाईंचं तिखट, तेव्हा ही बरी होती, भाकर खाल्ली इनं. शनिवारी खानावळीचं पोतं, तेव्हाही बरी. रविवारी बंद. सोमवारी खानावळीचं राह्यलेलं कांडलं, आन् त्या दिवशी ताप आला." बाई लिहायच्या थांबून ऐकत होत्या. व्हरांड्यातले दोन-चार लोक माझ्याकडे वेडी म्हणून पाहत होते. अकोल्याचे दिवस मिळवले तेव्हा आकडा आला, सोळा.

"मधे दोन-तीन दिवस बरी होती?" बाईंनी पुन्हा विचारलं. "पूर्ण उतरून मग चढली?"

"हो. पण मग पिवळं आलं. पिकली म्हणून..."

"रंगावरून काही कळत नाही गं. साध्या सर्दीतही पिवळं येतं." त्यांनी ते रागावून नाही म्हटलं. हात धुता धुता सांगितलं, जसं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. साधी सर्दी तीन-चार दिवस वाढते, मग उतरत जाते, आठ-दहा दिवसांत सरते. जी दहा दिवस झाले तरी हलत नाही, किंवा उतरून पुन्हा जोरानं चढते, ती निराळी. गालाच्या, कपाळाच्या हाडांत, नाकाच्या दोन्ही अंगांना पोकळ्या असतात, त्यांच्यात पू साठतो. मग एका बाजूचा चेहरा दुखतो, वरच्या दाढा दुखतात, तोंडाला वास येतो. आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळीत आणि डोळ्यात फक्त कागदासारखं पातळ हाड असतं. मंदाचा पू तिथून डोळ्याच्या खोबणीत उतरला होता. डोळ्याची नस त्याखाली दबली होती. म्हणून लाल रंग आधी गेला.

"ताप परत आला तेव्हा आली असतीस, तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आज आलीस म्हणून जीव तरी हातात आहे."

त्याच दुपारी पू काढायला तिला आत नेलं. आत्यानं अमरावतीला किराणा दुकानातल्या काकांकडे फोन लावला, तो लागेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. माय दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. निरोप मिळाला तेव्हा ती यंत्रावर होती, तशीच उठली होती, त्याच लुगड्यावर आली. वॉर्डाच्या दारातून ती आत शिरली आणि पहिल्या खाटेवरची बाई शिंकली. मग दुसरी. मग नर्स. नर्स तोंडाला पदर लावून धावत आली आणि मायला दोन्ही हातांनी मागे ढकलू लागली. "बाहेर व्हा आधी! ऑपरेशन झालंय पोरीचं, तिला शिंक येता कामा नये. अजिबात नाही!"

मायला आधी कळेचना. "मी माय हावो तिची," ती म्हणत होती. "मले पाहू द्या. मी माय हावो." मंदा चौथ्या खाटेवर अर्धं डोकं बांधलेली पडली होती आणि माय दारात उभी राहून पाय उंच करून बघत होती. तिचे ते लाल हात तिनं पाठीमागे धरले होते, चोरासारखे. मग ती दवाखान्याच्या आवारातल्या नळाखाली जाऊन बसली. भर उन्हात, लोक येता-जाताना, लुगड्यासकट. डोक्यावरून पाणी घेत होती, हात दगडावर घासत होती, केस पुन्हा पुन्हा पिळत होती. पाण्याचा लाल ओघळ पायऱ्यांपर्यंत आला. मी तिच्या अंगावर पाणी घालत होते. ती एकच बोलत होती, "मले वाटलं सर्दी हाय. उषे, मले वाटलं सर्दी हाय." आत्यानं घरून आपलं धुवट लुगडं आणलं तेव्हा तिला आत सोडलं. खाटेजवळ बसून तिनं मंदाच्या पायाला कोपर टेकवलं. हात लावायची तरीही तिची हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. सूज उतरली होती, डोळा जागेवर गेला होता, बुबुळ हलत होतं. बाहेरून पाहिलं तर काहीच झालं नाही असं वाटावं इतका सुंदर. मायनं पदर पसरून बाईंना नमस्कार केला. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी मंदाचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "काय दिसतं?"

"उजेड."

"माझा हात?"

"हात हाय का तिथी?" मंदानं विचारलं.

बाईंनी हात आणखी जवळ नेला. मंदा उजेडाकडे बघत राहिली. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की इतकंच राहील, यापुढे वाढणार नाही. जीवाला धोका नाही, दुसरा डोळा ठणठणीत आहे, शिकायला-लिहायला अडचण नाही. माय पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. मी खाटेचा गज धरला होता.

बाई केसपेपर भरत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "वाकलं की कपाळात, डोळ्यामागे दुखतं, असं ही कधी म्हणाली होती? आधी?"

हे मी वर लिहिलं नाही. लिहायचं टाळलं. ताप परत आला त्याच्या दोन दिवसांनंतर मंदा दुकानातले देठ झाडत होती. दोनदा झाडू टाकून भिंतीला टेकली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, वाकलं का डोयाच्या मागून कोनी खिळा ठोकल्यावानी होते." मायचं यंत्र चालू होतं, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला गेलं. स्वच्छ ऐकू गेलं. तिच्या आजारपणात तिच्या वाट्याची कामं माझ्यावर पडली होती आणि मी वैतागले होते. मी म्हटलं, "कामाच्या टायमाले बरं दुखते तुले. नाटकं नको करू, झाडू घे." तिनं झाडू घेतला. नंतर ती परत काही म्हणाली नाही.

"नाई बापा," माय बाईंना म्हणाली. "मले तं नाई सांगितलं. काही झालं का ते उषीले सांगते." आणि माय माझ्याकडे वळली. बाईंनीही पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होते. बोलणारच होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. तेवढ्यात मंदा म्हणाली, "कोनालेच नाई सांगितलं. मीच लपवलं." त्या घरात कधीच ऐकू न जाणारा तिचा आवाज त्या दिवशी सगळ्या वॉर्डानं ऐकला. बाईंनी तसंच लिहून घेतलं.

मायनं ते कधी सोडलं नाही. ती वाईट नव्हती, पण तिला कुठेतरी ते टाकायचं होतं आणि मंदानं स्वतःच जागा करून दिली होती. मंदाचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं तेव्हा माय म्हणाली, "तेव्हा तोंड उघडलं असतं तं." मंदा शिक्षिका झाली, तिचं घर झालं, मुलं झाली, तरी सणासुदीला, पाहुण्यांसमोर मायचं ते वाक्य यायचं. "लपवाले काय झालं होतं तुले? माय होती नं मी." मंदा ऐकून घ्यायची. आम्ही दोघीच असताना मी तिला दोनदा म्हटलं की आता सांगते मायला. ती म्हणाली, "काय सांगतं? मी बोललीच नव्हती तुले. तुले उगाच वाटते." आजही विचारलं तर हेच म्हणते.

माय शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. त्या दुपारी आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो होतो, मी चमच्यानं मोसंबीचा रस भरवत होते. माय मंदाकडे तोंड करून क्षीण आवाजात म्हणाली, "मंदे, सांगाले पायजे होतं वं तुनं." माझ्या हातात चमचा होता. खोलीत आम्हा तिघींशिवाय कोणी नव्हतं, यंत्राचा आवाज नव्हता, मायला अजून ऐकू येत होतं. मी चमचा तिच्या ओठांना लावला. मंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती मायच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हो माय. चुकलं माझं."